आत राहायचं की बाहेर

परवा सकाळी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून मी आत वाकून बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा, सृष्टीचा मेसेज होता. ‘आत्या, या सुट्टीत पुन्हा पार्कला जायचं? या वेळी आतल्या हॉटेलात राहू ना, प्लीज.’ खाली त्या हॉटेलचा फोटो. पांढरेशुभ्र पडदे, त्यामागे मोठा पाळणा आणि पाळण्याच्या पायथ्याशी निळंशार पाणी. इकडे टाकीत तळाशी हातभर पाणी उरलेलं, वरून मे महिन्याचं ऊन आणि त्यात हा निळा फोटो. माझं डोकं असं फिरलं की झाकण मी टाकीवर आदळलंच.

रागवायचं खरं तर काही कारण नव्हतं. पोरीने बिचारीने साधं विचारलं होतं. पण आत राहायचं की बाहेर, हे शब्द नुसते कानावर पडले तरी गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा माझ्या घशाशी येतो. एखाद्या घरात मोठ्या गोष्टींवरून भांडणं होतात, जमिनीवरून, वाटणीवरून. आमच्या घरात ते हॉटेलवरून झालं. आणि भांडण म्हणावं असंही काही झालं नाही, हेच जास्त चीड आणणारं आहे. सगळे शहाण्यासारखं बोलले, सगळ्यांनी समजूतदारपणा दाखवला आणि जे व्हायला नको होतं तेच नेमकं झालं.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं तर आधी आमचं पाणी समजायला हवं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. पाळी असते, पण ती पाळी रबरासारखी ताणली जाते. गल्लीच्या ग्रुपवर निरोप येतो, आज येणार. दुपारी निरोप येतो, आज नाही, उद्या. उद्या उजाडला की परवा. मग कधीतरी भल्या सकाळी नळ फुसफुसतो. आधी नुसती हवा येते, मग तो खोकतो, मग चहासारखं गढूळ पाणी आणि मग खरं पाणी. त्या फुसफुसण्याचा आवाज आला की जेवणारा ताटावरून उठतो, दाढी करणारा अर्ध्या दाढीनिशी बाहेर पळतो. मोटारींची घरघर, पाइपांची ओढाओढ, निळे ड्रम, हंडे, बादल्या, अगदी पोळ्यांचा डबासुद्धा. तासाभराने गल्लीला ओल्या सिमेंटचा वास सुटतो आणि संध्याकाळपर्यंत सगळी माणसं एकमेकांशी जरा गोड बोलतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपली तीच किरकिर.

त्यामुळे आमच्याकडे गावाला जायचं म्हणजे आधी पाण्याचा दिवस बघायचा. मुहूर्त वगैरे आम्ही मानत नाही, आई बुद्धवंदना करून घराबाहेर पडते तेवढंच. पण पाण्याचा दिवस मात्र मानावाच लागतो. तो चुकला तर परत आल्यावर हातपाय धुवायलाही शेजारी जावं लागतं. आमच्या गल्लीत एका मुलीचा साखरपुडा पाण्यासाठी पुढे ढकलला होता आणि मुलाकडच्यांनी कारण विचारलंसुद्धा नाही, कारण तेही शहरातलेच होते.

मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. लग्न केलं नाही, आईजवळ राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ मिलिंद शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे आणि बायकामुलांसह तिकडेच करमाडच्या अलीकडे राहतो. मे महिन्यात त्याची कंपनी दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद असते. आमची सहल तेवढ्याच आठवड्यात बसवायची असते. म्हणजे एका बाजूने कंपनीचा आठवडा पक्का, दुसऱ्या बाजूने पाण्याची पाळी कच्ची आणि त्यांच्या मधोमध आम्ही.

गेल्या वर्षी सृष्टीने घाटाखालच्या त्या पार्कचा व्हिडिओ आजीला दाखवला. दुपारची वेळ होती. कूलरमध्येही पाणी बेताने घालायचं म्हणून तो नुसती गरम हवा फेकत होता. खिडकीवर ओली चादर टाकलेली, तिच्यातून पिवळट उजेड येत होता. आई भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून बसली होती. पाळणे, आगगाडी, भुताचं घर यांतल्या कशानेही ती हलली नाही. मग ते लाटांचं तळं आलं. मोठा हौद, घंटा होते आणि साऱ्या पाण्याला लाटा येतात, माणसं छातीएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडतात.

आईने फोन हातात घेतला. "हे एवढं पाणी कशाला ठिवलंय?"

"आजी, उभं राहायला," सृष्टी म्हणाली.

"नुसतं उभं राहायला?"

"हां. लाट आली की उडी मारायची."

मला वाटलं, आता चिडणार. पाण्याच्या नासाडीवरून ती कुणालाही सोडत नाही, अंगणात गाडी धुणाऱ्या समोरच्या वकिलालाही तिने सुनावलेलं आहे. पण ती व्हिडिओ पुन्हा लावायला सांगून म्हणाली, "मला बी उभं राहायचंय त्याच्यात."

माझी आई असं कधी म्हणत नाही. मला हे पाहिजे, हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. तिचं माहेर देवगाव रंगारी. विहिरीचं पाणी शेंदत मोठी झाली, लग्न होऊन शहरात आली ती थेट नळाच्या रांगेत. समुद्र तिने बघितलाय. सहा डिसेंबरला दादरला जाते तेव्हा. पण तिथे तिचं काम ठरलेलं, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत एका जागी बसायचं. बाकीच्या बायका वाळूत जाऊन पाय ओले करून येतात आणि ती त्यांच्या चपला मोजत असते. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, सामानाजवळ बसणारं. गंमत अशी की त्या माणसाला कुणी बसवलेलं नसतं. ते आपलं आपण जाऊन बसतं आणि बाकीच्यांना तेच बरं वाटतं.

तर त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी आईला त्या पाण्यात उभं करायचं. पार्कला फोन लावला. तिथल्या मुलीने नीट सांगितलं की आतल्या हॉटेलात उतरलेल्यांना सकाळी गेट उघडण्याआधीच तळ्यावर सोडतात. तेव्हा गर्दी नसते, म्हाताऱ्या माणसांना धरून उतरवायला माणूस असतो. दुपारी खोलीत येऊन पडायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं. आईच्या गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय असूच शकत नव्हती. बाहेर राहिलं तर एकदा आत गेलेलं माणूस दिवस संपेपर्यंत आत, आणि बाहेर पडलं की ते तिकीट संपलं. दिवसभर त्या उन्हात उभं राहणं आईला जमणारं नव्हतं. इतकं सरळ होतं ते. शाळकरी पोरालाही कळलं असतं.

मिलिंदला नाही कळलं. किंवा कळलं, पण वळलं नाही. तो रविवारी आला, चहा प्यायला आणि मांडी घालून म्हणाला, "ताई, आपल्याला तिथं झोपायचंच हाय फक्त. झोपायला आतलं काय अन् बाहेरचं काय?"

"आईला दुपारी पडायला लागंल ना."

"मग ती बाहेरच्या हॉटेलात पडंल की. जवळच हाय, हे बघ." त्याने फोन पुढे केला. हॉटेलच्या नावाखाली लिहिलेलं, पार्कपासून अगदी जवळ.

जवळ! या शब्दाइतका लबाड शब्द मराठीत दुसरा नसेल. नकाशावर बोटभर अंतर असलं की जवळ. मधे हमरस्ता आहे, तो ओलांडायला पुढे लांब जाऊन वळून यावं लागतं, हॉटेलची गाडी भरल्याशिवाय निघत नाही, हे त्या जवळमध्ये कुठेच येत नाही. आणि हे आम्हाला कळू नये? वेरूळ-दौलताबादच्या वाटेवर राहणाऱ्या माणसांना? दवाखान्यात बाहेरगावचे लोक मला नेहमी विचारतात, लेणी बघायची तर शहरात राहू की तिकडे? मी ताडकन सांगते, तिकडेच राहा, सकाळच्या गारव्यात बघून होईल, दुपारी खोलीवर पडा. लोक ऐकतात, परत येऊन आभारही मानतात. माझा सल्ला हैदराबादच्या माणसाला चालतो, नागपूरच्या माणसाला चालतो, घरात तेवढा चालत नाही.

मी हे सगळं मिलिंदला ऐकवलं. तो शांतपणे ऐकून घेतो, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण आहे. ओरडला असता तर मी जिंकले असते. माझं संपल्यावर तो म्हणाला, "बरोबर हाय तुझं. पण आतलं हॉटेल एकदा घेतलं की तारीख बदलत नाय. बाहेरचं आदल्या दिवशी बी बदलता येतं. अन् नेमकं त्याच दिवशी पाणी आलं मग?"

झालं. त्या वाक्यापुढे आमच्या शहरात कुणाचं काही चालत नाही. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल, येऊ दे पाणी, मला तळ्यात उतरायचंय. आणि आई म्हणाली, "व्हय, मिलिंदचं खरंय. पाण्याचं बघायला पायजे." तिच्या बाजूने मी एकटी भांडत होते आणि ती पलीकडे जाऊन बसली. त्या रात्रीचा स्वयंपाक मी भांडी आपटत केला.

मग पाळीने आमचा खेळ मांडला. बाहेरचं हॉटेल ठरलं, बॅगा भरल्या, ग्रुपवर निरोप आला की उद्या पाणी. तारीख पुढे ढकलली. पाणी आलं नाही. पुन्हा निरोप, पुन्हा ढकलली. प्रत्येक वेळी मिलिंद फोन करून सांगायचा, "बघ ताई, आतलं घेतलं असतं तर?" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. शेवटी कंपनीचा आठवडा संपत आला आणि पाणी न येताच निघायची वेळ आली. शेजारच्या नसीमआपांनी भिंतीवरून हात पुढे केला. "चाबी दे के जाव. पानी आया तो मैं भर लेती. कायको इत्ता टेन्शन लेते तुम लोगां?" नसीमआपा शिवणकाम करतात, सतत मशीनवर असतात, घर सोडून कुठे जात नाहीत. हे आम्हाला पहिल्या दिवशी सुचू नये? चावी द्यायची आणि जायचं, इतकं सोपं होतं. पण पाण्याच्या बाबतीत आम्ही स्वतःशिवाय कुणावर विसंबत नाही, सख्ख्या भावावरसुद्धा नाही.

निघायच्या सकाळी बघते तर आई घरात उरलेल्या पाण्यातून एक कॅन भरून घेत होती. पोरांना बाहेरचं पाणी बाधतं म्हणून. आमच्याकडची सगळीच माणसं प्रवासाला पाणी घेऊन निघतात, त्यात नवल काही नाही. लोक लेकराचं दूध जपतात तसं आम्ही ते पायाशी धरून बसतो. नगर गेलं, पुणं गेलं, बाजूने पाण्याच्या बाटल्यांची दुकानंच्या दुकानं गेली. आईने कॅनला टेकून झोप काढली.

त्या हॉटेलात आम्ही संध्याकाळी पोहोचलो. आईने खोलीत शिरल्या शिरल्या आधी नळ उघडला. पाणी धो धो आलं. तिने बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा उघडून बघितला. खाली काउंटरवरच्या मुलाला तिने विचारलं, "हे कधीपर्यंत राहतंय?" तो म्हणाला, "चोवीस तास, आजी." आईने मान हलवली, वर आली आणि दोन्ही बादल्या भरून ठेवल्या. मिलिंदची बायको वैशाली पोट धरून हसली. मलाही हसू आलं. तिच्या जागी मी असते तर मीही भरल्या असत्या, आता खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलची गाडी भरेपर्यंत आम्ही पायरीवर ताटकळलो. भरली तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं होतं. पार्कच्या गेटवर जत्रेसारखी रांग. मी पोरांना घेऊन पुढे होते, आमच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या, फिरता गज ढकलून आम्ही आत गेलोसुद्धा. मागे वळले तर रांग थांबलेली. सामान तपासणाऱ्या बाई आईच्या कॅनवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या काही उद्धट नव्हत्या. चांगल्या हसऱ्या होत्या.

"आजी, भरलेला कॅन आत नाही नेता येणार. बाटली चालते. हे रिकामं करा नि मग न्या."

"रिकामं म्हंजे?"

"ओतून द्या ना. तिथे जाळी आहे बघा."

आईने जाळीकडे बघितलं. गटाराची लोखंडी जाळी होती. मग तिने त्या बाईंकडे असं बघितलं की जणू त्यांनी तिला घरातलं माणूस रस्त्यावर सोडून यायला सांगितलंय. "पाणी? गटारात ओतू?"

"आई, पाणीच हाय ते!" मिलिंद मागून म्हणाला. "आत पाहिजे तेवढं मिळतंय. वत अन् चल."

"मी नाय वतणार."

मागची माणसं पुढे सरकू लागली. कुणी म्हणालं, आजी, गाडीत टाका. आमची गाडी पार्किंगचे पैसे वाचवायला हॉटेलवरच ठेवली होती. कुणी म्हणालं, पिऊन टाका, आणि रांगेत हशा पिकला. आतून मी ओरडत होते, मिलिंद, तू घे तिच्याकडून, पण गजापलीकडे माझं कुणाला ऐकू जात नव्हतं. बाहेर यावं तर माझं तिकीट संपत होतं आणि मिलिंद-वैशाली आत आल्याशिवाय पोरांना कुणाजवळ सोडणार? आत राहिलो असतो तर हे गेटच मधे आलं नसतं. कॅन सामानाबरोबर सरळ खोलीत गेला असता, पलंगाखाली पडून राहिला असता आणि आई सकाळी गारव्यातच पाण्यात उतरली असती. मिलिंदच्या ‘झोपायचंच हाय फक्त’ची आठवण होऊन माझ्या कानशिलांवर घणाचे घाव पडत होते.

आई भांडली नाही. तिला रांग अडवल्याची लाज वाटली. तिने पदर सारखा केला, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कॅन घेतला आणि मिलिंदला म्हणाली, "तुम्ही जा. माझा गुडघा बी धरलाय. मी खोलीवर पडते." हॉटेलची गाडी परत निघालीच होती. ती त्यात जाऊन बसली. मला तिची पाठ दिसली, मग गाडीची.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. लाटांच्या तळ्यावर घंटा होत होती, हजार गळे ओरडत होते, क्लोरीनचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता. सृष्टी मला ओढत होती, "आत्या, ये ना, आजी नाहीये तर तू तरी." मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. पाणी गार होतं, छान होतं, आणि ते छान होतं याचाच मला राग येत होता. दुपारी आतल्या हॉटेलातली माणसं टॉवेल खांद्यावर टाकून रमतगमत खोल्यांकडे गेली. एक आजोबा काठी टेकत गेले आणि उन्हं कलल्यावर ताजेतवाने होऊन परत आले. मला त्या आजोबांचाही राग आला. मिलिंद आईस्क्रीम घेऊन आला, मी घेतलं नाही. तो म्हणाला, "ताई, तिनंच नाय म्हटलं ना?" हेच तर. तिनेच नाही म्हटलं. या घरात कायम तिनेच नाही म्हटलेलं असतं आणि आपण सगळे किती सुटतो त्याने.

संध्याकाळी परत आलो तर खोलीचा धोबीघाट झालेला. खिडकीच्या गजांवर, खुर्च्यांवर, टीव्हीच्या कोपऱ्यावर सगळ्यांचे कपडे वाळत घातलेले. आदल्या दिवशीचे प्रवासातले, पोरांचे मोजे, मिलिंदची बनियन, हॉटेलचा हात पुसायचा टॉवेलसुद्धा. आई मधोमध पाय लांब करून बसलेली, केस ओले, चेहरा एकदम स्वच्छ.

"दिवसभर धुणं धूत बसलीस?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"नळाला सारखं पाणी व्हतं, संगीता. नुसतं बसून काय करू?"

मिलिंद हसत सुटला. तो पुढे वर्षभर हा किस्सा कंपनीत सांगत राहिला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर हमरस्ता, त्याच्या पलीकडे पार्कचा तो मोठा पाळणा दिवे लावून फिरत होता. खरंच जवळ दिसत होता.

परत आलो तेव्हा आमच्या घरातली सगळी भांडी काठोकाठ भरलेली. आम्ही गेलो त्याच दिवशी पाणी आलं होतं. नसीमआपांनी भिंतीवरून पाइप टाकून चहाची किटलीदेखील भरून ठेवली होती.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला, राग निवावा म्हणून. तो निवला नाही. आईसारखी माणसं सगळ्याच्या जवळ राहतात. समुद्राच्या जवळ, लग्नमांडवाच्या जवळ, तळ्याच्या जवळ. आत पाऊल टाकायची वेळ आली की त्यांना गुडघा आठवतो, पाणी आठवतं, कुणाची तरी पिशवी आठवते. आणि आपल्यालाही ते पटतं, कारण पटवून घेणं सोयीचं असतं. मला राग मिलिंदचा होता, पाळीचा होता, पण सगळ्यात जास्त आईचा होता. तिने एकदा, फक्त एकदा हट्ट धरायला हवा होता. कॅन जमिनीवर आपटून म्हणायला हवं होतं, हे राहू द्या इथं, मी आत चालले.

म्हणून या वेळी मी कुणाला विचारलंच नाही. परवा गच्चीवरून खाली उतरले आणि सृष्टीला कळवायच्या आधीच आतल्या हॉटेलच्या खोल्या ठरवून टाकल्या, तळ्याच्या बाजूच्या. तारीख बदलत नाही म्हणतात ना, तर नाही बदलणार. पाणी येवो नाहीतर न येवो.

अंगणात आई कुरडया वाळत घालत होती. भिंतीपलीकडे नसीमआपा दारात बसून कपड्याचे दोरे काढत होत्या. मी आईसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की आतलं हॉटेल घेतलंय, आपण सगळे जातोय, तूसुद्धा.

"मला नको," आई मान वर न करता म्हणाली. "तुम्ही जा. माझं काय काम हाय तिथं?"

"काम? सहलीला काम असतं?"

"अन् इथं पाणी आलं म्हंजे?"

मग मात्र माझा तोल गेला. जे वर्षभर पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. तुला काही नकोच असतं, म्हणाले. तळ्यात उभं राहायचंय म्हणालीस ते काय उगीच? आम्ही जीव तोडायचा आणि तू एक कॅन उचलून चालू लागायचं. नको असतं तर तेव्हाच सांगायचं होतंस, मी कशाला सगळ्यांशी भांडले असते? गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आई कुरडया नीट गोल करत राहिली.

भिंतीपलीकडून नसीमआपा उठल्या. "नको कैसा? ऐसा मत बोल, संगीता. वो सूट क्या ऐसेच सिलाई थी मेरे से?"

"कुठला सूट?"

"नायलॉन का. उस तालाब में साडी पे नहीं छोडते बोली, सूती भी नहीं चलता बोली. तो मैं पूरी बाह्यां का सी के दी, टखने तक. किसी को बोलना नहीं बोली थी." मग त्यांनी आईकडे बघितलं आणि जीभ चावली. "हाय अल्ला, बोल दी मैं."

मी आईकडे बघत राहिले. तिने हात पदराला पुसले, उठली, आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली ती हातात जांभळ्या रंगाची घडी घेऊन. घडी उलगडून मी बघितली. घोट्यापर्यंत लांब, पूर्ण बाह्या, बंद गळा, गळ्याला बारीक पांढरी नक्षी. हा तिने मापं देऊन शिवून घेतला होता. हा त्या दिवशी तिच्या पिशवीत होता, गेटवर, रांगेत, परत फिरताना.

मी म्हणाले, "आणि हा तसाच पडून? अंगाला लावलाच नाहीस?"

"लावला व्हता की."

"कधी?"

आई खाली बसली. पुन्हा कुरडयांकडे वळली. "त्याच दिवशी. तुम्ही आत गेल्यावर. त्या हॉटेलाच्या न्हाणीत वर फवारा व्हता बघ. हा घातला, फवारा सोडला अन् त्याच्याखाली उभी राहिले."

आईने एकदा दाराकडे बघितलं आणि कुणीतरी रागवेल अशा भीतीने हळू आवाजात म्हणाली,

"लई येळ उभी व्हते, बाई. लई पाणी गेलं. मिलिंदला सांगू नको."